मोठी आई आणि माझी झोप

मोठी आई कुठेही झोपायची. लग्नात बँडसमोरच्या खुर्चीत, मेट्रोत उभ्याने दांडा धरून, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना. सीताबर्डीच्या साडीच्या दुकानात मोठे बाबा भाव करत होते, तेवढ्यात ती गादीवर बसल्या बसल्या झोपली. दुकानदाराने तिच्याकडे पंखा वळवला. लोक हसायचे. ती डोळे उघडून म्हणायची, "झोपच आली न, चोरी थोडी केली!"

मोठे बाबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि ती त्यांची बायको, नागपुरात एका शाळेत क्लार्क. मूलबाळ नव्हतं. अकरावीला मेडिकलच्या क्लाससाठी आई-बाबांनी मला काटोलहून तिच्याकडे ठेवलं.

पहाटे क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, नंतर अभ्यास, त्यानंतर मोबाइल. झोपेला जे उरायचं ते फार थोडं. दिवाळीपर्यंत माझे सगळे कुर्ते घट्ट झाले. घरी गेले की आत्या आधी माझ्या पोटाकडे बघायची. आईने फोनवर भात बंद करायला सांगितलं. मी रात्रीचं जेवणच सोडलं. वजन तरी वाढतच होतं, कारण जागताना भूक लागायची आणि मी चिवड्याचा डबा घेऊन बसायचे.

मोठी आई खाण्यावरून कोणालाच बोलायची नाही. एका सकाळी माझी वेणी घालताना तिने विचारलं, "काहून वं मयू, तू झोपत नाही का?"

"अभ्यास असतो."

"मंग चिवडा कोण खाते?"

ती वेणी घालतच राहिली. "मले बी होते तसं. झोप नाही झाली का दिवसभर तोंड चालते."

जानेवारीत बाबा आले ते वजन उतरवायच्या पावडरीचा डबा घेऊन. जेवणाऐवजी प्यायची होती. त्या वयात मला बारीक व्हायला कोणी काहीही दिलं असतं तरी मी प्यायले असते. आठवडाभरात मी न्हाणीत चक्कर येऊन पडले. मोठी आई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पहिल्यांदा झोपेचंच विचारलं. घरी आल्यावर तिने बाबांना फोन लावला.

"भाऊजी, मी तिची पहाटेची बॅच बंद करून राहिली."

बाबांचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होता. "वहिनी, आणि नंबर नाही लागला तर?"

"नाही लागला त नाही लागला. पोरगी त राहीन."

बाबा त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती रोज दहाला माझा मोबाइल स्वतःच्या उशीखाली ठेवायची आणि ताटात भात वाढायची. वजन काही जादूने उतरलं नाही. आधी वाढायचं थांबलं, मग हळूहळू थोडं कमी झालं. मेडिकलला नंबर लागला नाही. त्यानंतर काटोलच्या घरी मोठ्या आईचा विषय निघाला की बाबा उठून जायचे.

ती एकदा म्हणाली, "माह्यावर राग नको धरू वं."

"नाही धरला."

"मंग जेवून घे."

मी बी.एस्सी. केलं आणि पुण्यात एका लॅबमध्ये नोकरीला लागले.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. हृदय बंद पडलं. मी पोचले तेव्हा भंतेजी बुद्धवंदना घेत होते. कोणीतरी म्हणालं, झोपल्यासारखी दिसते. नव्हती दिसत. झोपेत तिचं तोंड उघडं असायचं आणि ती घोरायची. बाबा रडत होते. मला काहीच वाटत नव्हतं. कोणी चहा हातात दिला, तो मी प्यायले.

दुसऱ्या दिवशीही मोठे बाबा खुर्चीत जागेच होते. येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगत होते. मी त्यांना हात धरून आतल्या खोलीत नेलं.

"लोक येऊन राहिले न," ते म्हणाले.

"येऊ द्या. मी बसते बाहेर."

कूलरमध्ये पाणी ओतलं, दार ओढून घेतलं आणि दारापुढे खुर्ची टाकून बसले. घरात अशा वेळी हे बरं दिसतं का, असं आत्याने विचारलं. मी खुर्ची दाराला आणखी चिकटवली. थोड्या वेळाने बाबांनी आपली खुर्ची माझ्याशेजारी आणून ठेवली. फाटकातून मोठ्या बाबांच्या ऑफिसचे लोक आत येत होते.

बाबा उठून त्यांच्याकडे गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "संध्याकाळी या. दादा झोपलाय."