अण्णा शटरच्या आत

आमचे अण्णा वारले, आणि त्यानंतर आठवड्याच्या आतच गॅरेजमध्ये अडकले.

वाक्याचा क्रम चुकलाय असं तुम्हाला वाटेल. चुकलेला नाही. सगळं याच क्रमाने झालं आणि त्यातला दुसरा भाग माझ्या डोळ्यांदेखत झाला.

अस्थी घरात आणायच्या नसतात, हे तुम्हाला माहीत असेलच. लोक त्या अंगणातल्या झाडाला टांगून ठेवतात. पेणच्या आमच्या घरासमोरही एक शेवगा होता, पण गॅरेज बांधायचं म्हणून अण्णांनीच तो तोडला होता. अण्णा जन्मभर एसटीत ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी मारुती घेतली आणि तिच्यासाठी घराला लागून स्लॅबची खोली बांधली. पुढे लोखंडी शटर. आमचं स्वयंपाकघर पावसाळ्यात गळायचं, पण गाडीच्या डोक्यावर कधी थेंब पडला नाही. (हे आई त्यांना शेवटपर्यंत ऐकवत होती.)

तर झाड नाही, मग अस्थी ठेवायच्या कुठे? रोह्याच्या आत्याने फोनवर निकाल दिला की गॅरेजात ठेवा. त्यावर भावजींनी, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, शंका काढली की गॅरेज घरात धरायचं की बाहेर? भिंत तर एकच आहे. बराच खल झाला. शेवटी आईच म्हणाली, की मी तिथे कांदे ठेवायला गेले तेव्हा हे म्हणाले होते, गॅरेज म्हणजे घर नाय. झालं, खुद्द अण्णांचंच मत मिळालं! मी कलश कापडात बांधून गाडीच्या वर भिंतीतल्या हुकाला टांगला आणि शटर ओढून घेतलं.

विसर्जनासाठी अण्णांच्याच गाडीने हरिहरेश्वरला जायचं ठरलं होतं. तिथल्या गुरुजींनी बजावून सांगितलं होतं की दुपारच्या आत या, नंतर विधी होणार नाय. वाटेत कोलाड नाक्यावर आत्या उभी राहणार होती. तिला भावाचं शेवटचं दर्शन मिळालं नव्हतं, रोह्याहून ती पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यामुळे निदान एवढा प्रवास त्याच्याबरोबर करायचा म्हणून ती पहाटेपासून तयार होऊन बसली होती.

सकाळी मी कुलूप काढलं आणि शटर वर लोटलं. ते गुडघ्यापर्यंत आलं आणि वरच्या पाइपात बार उडाल्यासारखा आवाज झाला. काहीतरी घरंगळत गेलं आणि सगळं शटर धाडकन खाली आलं. मी पाय मागे घेतला म्हणून आज दहाही बोटं मोजता येतात!

भावजी कंपनीत मेंटेनन्सला आहेत. त्यांनी शटरला कान लावला, दोन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि डॉक्टरांच्या आवाजात सांगितलं, "गेली. स्प्रिंग गेली."

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "आता कोन गेलं?"

स्प्रिंग तुटली की शटर म्हणजे नुसतं लोखंड. एका माणसाला, अगदी बापासाठीही, उचलत नाही. (हे मी शब्दशः सांगतोय. मी प्रयत्न केला होता.) शटरवाल्याला फोन केला तर तो दुसरीकडे कामावर होता, संध्याकाळी येतो म्हणाला. भावजी म्हणाले, आपण भाड्याची गाडी करू. गाडी दुसरी मिळाली असती हो, पण अण्णा दुसरे कुठून आणणार? मागच्या बाजूला एक झरोका होता, त्याला अण्णांनी चोर येऊ नये म्हणून गज बसवले होते आणि आतून पत्रा ठोकला होता. आता खुद्द मालकालाच बाहेर काढायचं होतं आणि गज हलत नव्हते.

तेवढ्यात आत्याचा फोन आला. निघालात का, म्हणून. मी म्हटलं, निघालो कधीच, वडखळ आलंच. माझ्या एका हातात तेव्हा पहार होती.

शेवटी मी शेजारच्या म्हात्रेकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात गेलो. ते आपली सगळी माणसं घेऊन आले, प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या हातांनीच. भावजींनी सूत्रं हातात घेतली. सगळ्यांनी मिळून शटर कमरेपर्यंत उचलायचं, भावजींनी खाली ओंडका लावायचा, आणि मी वाकून आत जायचं, कलश घेऊन बाहेर यायचं. साधी गोष्ट होती. आई ओटीवर पदर खोचून उभी राहिली.

आता या मंडळींचा जन्म गणपती उचलण्यात गेलेला. काहीही जड उचलायचं तर आधी एकाने पुकारायचं आणि बाकीच्यांनी साथ द्यायची, त्याशिवाय त्यांच्या हाताला जोरच येत नाही. वाकून सगळ्यांनी शटर धरलं आणि कोणीतरी सवयीने आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा..."

"मोरया!"

शटर कापसासारखं वर गेलं. मी आत शिरलो. आणि मग त्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की आपण सुतकाच्या दारात काय ओरडलो. मी आतून वाकून पाहिलं, तर सगळ्यांनी जिभा चावल्या होत्या, आईकडे बघत दोघांनी कान पकडले होते. कान पकडायला हात लागतात! शटर आलं खाली. आणि ओंडका? तो लावायचा होता भावजींनी, पण मोरया म्हणताना त्यांचेही दोन्ही हात वर गेले होते.

आत मिट्ट काळोख. बाहेर एकमेकांवर ओरडणं चाललेलं. मी चाचपडत कलश हुकावरून काढला, गाडीचं दार उघडलं, कलश ड्रायव्हरच्या सीटवर ठेवला आणि स्वतः डावीकडे जाऊन बसलो. असं का केलं, मला सांगता येणार नाही. त्या गाडीत मी कायम डावीकडेच बसलो होतो. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण अण्णांच्या मते ते फोटोपुरतं होतं.

गाडीत त्यांच्या तेलाचा आणि तंबाखूचा वास होता. गिअरवर त्यांचा टॉवेल तसाच टाकलेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अण्णा गेल्यापासून मी एकदाही रडलो नव्हतो. सवडच मिळाली नव्हती. आल्यागेल्याचा चहा, मंडपवाला, दाखला, गुरुजी, फोन. लोक म्हणत होते, दिनेश खंबीर हाय. मी टॉवेल तोंडावर धरला आणि असा रडलो, की गाडी हलायला लागली. मला अण्णा हवे होते. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

आवाज बाहेर गेला. बाहेरची गडबड थांबली. म्हात्रेकाका म्हणाले, "अरे, पोर घाबरला!" (पोराने पन्नाशी ओलांडली होती.) "दिनेश, घाबरू नको रे. आमी हाव इकडे. उचला, उचला लवकर!"

तेवढ्यात शटरला अगदी लागून आईचा आवाज आला. हळू, फक्त मला ऐकू येईल इतका.

"दिन्या, रडून घे. मी यांना चा देते."

आणि मग मोठ्याने तिने सगळ्यांना सांगितलं, की आधी चहा घ्या, हातात जोर येईल, मग उचला. भावजी म्हणाले, उशीर होतोय, गुरुजी थांबणार नाहीत. आई म्हणाली, "थांबतील. माझा माणूस कुठे पळून नाय चालला."

चहा झाला. आई शटरपाशी आली आणि तिने विचारलं, "झालं?" मी आतून हो म्हणालो. मग त्यांनी शटर पार डोक्याच्या वर उचललं, या वेळी तोंडातून ब्र न काढता, आणि त्यामुळे दुप्पट वेळ लागला. आधी मी कलश बाहेर दिला, मग गाडी काढली. भावजी किल्ली मागायला लागले, तर आई म्हणाली, दिन्या चालवंल.

कोलाडला पोहोचलो तेव्हा आत्या रस्त्यात येऊन उभी होती. भावजींनी तिला फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. माझे लाल डोळे पाहून तिने माझा गाल कुरवाळला, "बाबा, अजून भितोस रे अंधाराला?" मग कलश मांडीवर घेतला आणि हरिहरेश्वर येईपर्यंत तो कोणाच्या हाती दिला नाही. गुरुजी थांबले होते. त्यांनी खूप बोलून घेतलं, पण थांबले होते.

तेव्हापासून आमच्या गल्लीत लाइट गेली की कारखान्यातून हाक येते, "दिनेशदादा, आमी हाव बरं का!" आणि हशा पिकतो. मी कोणाचा गैरसमज दूर करायला जात नाही. एवढा बाप्या अंधाराला भितो म्हणून चार माणसं हसत असतील, तर हसू देत. शिवाय ते अगदीच खोटंही नाही. अण्णा होते तोवर भीती वाटत नव्हती, एवढंच.