तिकिटांची वही

चकलांब्याच्या शिंप्याच्या घरात बायनाबाई नांदायला आली तेव्हा तिला दोनच कामं धड येत होती, असं तिची थोरली जाऊ दगडाबाई गावभर सांगायची. एक खळ शिजवणं आणि दुसरं कागद गोळा करणं. हे काही खरं नव्हे. बायनाबाईची भाकरी चंद्रासारखी गोल उतरायची आणि तिच्या हातची काजं बघून गिऱ्हाईक खूश व्हायचं. पण दगडाबाईच्या तोंडी कोण लागणार! सासू कधीच गेलेली, घरचा सगळा कारभार तिच्या हाती, आणि जीभ म्हणाल तर घरातल्या सगळ्या कात्र्यांहून धारदार. मनानं मात्र बाई वाईट नव्हती. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्हाला तिचा राग येणार आहे.

घरात भाऊ दोन. थोरला बबनराव ओसरीवर बसून शिवायचा. धाकटा उत्तरेश्वर, म्हणजे बायनाबाईचा नवरा, तट्टावर कापडाचे तागे लादून आठवडी बाजार करायचा. तलवाडा, गेवराई, कधी शीव ओलांडून इंग्रजी मुलूखसुद्धा. तिकडून माल आणला की मोगलाईच्या हद्दीवर करोडगिरीचं नाकं लागायचं. जकात भरायची, उर्दूतली पावती घ्यायची आणि नाक्यावरच्या शिपायाला सलाम ठोकून पुढं व्हायचं.

त्या काळी गिरणीच्या ताग्यावर एक रंगीत तिकीट चिकटवलेलं असे. तळहाताएवढं, जाड, चकचकीत, सोनेरी काठाचं. कशावर हत्ती, कशावर राजा, कशावर विमानात बसलेली देवी. कापड विकलं की तिकिटाला कोण विचारतो! उत्तरेश्वर त्याची सुरळी करून चिलीम पेटवायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात बायनाबाईनं पेटता हत्ती त्याच्या हातातून हिसकावून घेतला आणि पदरानं विझवला. नवरा बिचारा चुलीतला निखारा आणायला उठला.

तेव्हापासून तिला छंदच जडला. बबनरावाची मापं लिहून भरलेली एक जाड वही अडगळीत पडली होती, ती तिनं मागून घेतली. लिहिलेल्या मापांवर खळ लावायची आणि वर कागद चिकटवायचा. आता कापायला कात्री हवी. शिंप्याच्या घरात कात्र्यांना काय तोटा? पण कापडाच्या कात्रीनं कागद कापला की धार मरते, आणि एकदा ती तशी कापताना सापडली तेव्हा बबनरावानं सगळं घर डोक्यावर घेतलं. शेवटी त्यानंच टोक मोडलेली एक जुनी कात्री तिच्यापुढं टाकली. म्हणाला, ही घे, पण माझ्या कात्रीला हात लावशील तर याद राख.

मोडक्या कात्रीनं बाईनं काय काय करामती केल्या म्हणता! राजाचं मुंडकं उडवून तिथं काडेपेटीवरचा वाघ बसवला. देवीच्या विमानाला बैल जुंपले. करोडगिरीच्या पावतीवरचा गोल शिक्का कापून त्याचा सूर्य केला, म्हणजे सरकारी सूर्य. एका साहेबाला तर तिनं गावच्या पाटलासारख्या मिशा चिकटवल्या होत्या, ते पान पाटलीणबाई आल्या की उघडायचं नाही असं ठरलं होतं. दुपारी कामं आटोपली की आळीतल्या बाया वही बघायला जमायच्या आणि पोट धरून हसायच्या. अक्षराशी तिची ओळख नव्हती, पण कोणतं पान कधीचं ते तिला चोख सांगता यायचं. नणंदेच्या लग्नातली हळदीची पुडी, दुष्काळात गूळ बांधून आणलेला कागद, सगळं त्यात होतं.

दगडाबाई तेवढी कधी हसली नाही. खळीला पीठ लागतं, पीठ काय रानात उगवतं का, एवढंच तिचं म्हणणं. तसं ते रानातच उगवतं, पण हे तिला सांगायची छाती कोणाची?

मग बायनाबाईला अंजना झाली. पोरगी बसायला लागली ती आईच्या मांडीवर, वहीपुढंच. चार वर्षांची असेल तेव्हा एका दुपारी आई पाणी आणायला गेली आणि पोरीनं एक आख्खं पान एकटीनं केलं. पानभर खळ थापली आणि मधोमध घोडा छाप तिकीट चिकटवलं, चारी पाय आभाळाकडं. आईनं येऊन बघितलं आणि हसत हसत ते सरळ करायला हात घातला, तर पोरगी केवढी भडकली.

"उलटं न्हाई ते," अंजना म्हणाली. "आबाचं तट्टू लोळतंय."

खरंच की! बाजारातून आलं आणि पाठीवरचं ओझं उतरलं की तट्टू आधी अंगणातल्या फुफाट्यात पाय वर करून लोळायचं. बायनाबाईनं पोरीचा मुका घेतला आणि पान तसंच वाळू दिलं. काठाला खळीचं एक ढेकूळ राहिलं होतं, त्यावर अंजनाच्या बोटाचा ठसा उठला होता, तोही तसाच वाळला.

पुढच्याच वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली. घरोघर माणसं गेली, कोणी कोणाला खांदा द्यायचा अशी वेळ आली. त्यात अंजना गेली. जास्त काही सांगत नाही, सांगवत नाही.

बायनाबाईनं मोडकी कात्री परत हातात घेतली नाही. दुपार झाली की भिंतीतल्या देवळीतून वही काढायची, तेवढं एकच पान उघडायचं आणि त्या खळीच्या ढेकळावर आपलं बोट ठेवून बसायचं. पोरीच्या हातचं जगात तेवढंच उरलं होतं. ताटातली भाकरी वाळून कडक व्हायची. बाया यायच्या बंद झाल्या. उत्तरेश्वर तिकिटं घरी आणायचा थांबला, बाजारातच फेकून द्यायचा. वर्ष उलटून गेलं तरी हेच. दगडाबाई चुलीपाशी बसून सगळं बघायची आणि, काय नवल, एका शब्दानं बोलायची नाही.

उन्हाळ्यात तलवाड्याला बायनाबाईच्या भावाचं लग्न निघालं. लग्नघरी ती वही नेली असती तर बायांनी नाकं मुरडली असती, म्हणून देवळीत ठेवूनच बायनाबाई गेली.

उन्हाळा म्हणजे टोपल्या करायचे दिवस. घरातले रद्दी कागद भिजत घालायचे, भिजलेल्या मेथ्या घालून उखळात कुटायचे, लगदा पालथ्या घागरीवर थापून वाळवायचा. झाली पीठ ठेवायची टोपली. मेथीमुळं कीड लागत नाही. दगडाबाई दरवर्षी अशी एक टोपली करायचीच.

बायनाबाई परतली ती भर दुपारी. अंगणात पाऊल टाकताच मेथ्यांचा वास आला. उखळ भरलेलं, शेजारी मोठ्या घमेल्यात कागद भिजलेले. आणि भिंतीला टेकवून वाळत ठेवलेले दोन पुठ्ठे. ते तिनं लगेच ओळखले. तरी आत जाऊन देवळीत हात घालून बघितलंच.

बाहेर आली तेव्हा दगडाबाई मुसळ धरून उभी होती. बायनाबाईनं नुसतं कारण विचारलं, "कावून केलं, आक्का?"

दगडाबाईनं मुसळ खाली ठेवलं.

"तुजं ते रोजचं बसणं बगवंना मला," ती म्हणाली. "जाळावी मनलं तर हात हुईना. नदीत सोडावी तर तेबी हुईना. मनलं, टोपली करावी, मंजी पोरीचं घरातच राहील आन् तुज्या डोळ्याम्होरून वही जाईल. लई इचार केला गं मी."

आता सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं? राग तर आभाळाएवढा आलेला. मला विचाराल तर मी दोन शब्द सुनावलेच असते. बायनाबाईनं सुनावले नाहीत. ती घमेल्याशी बसली, बाह्या सरकवल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातले.

मापांच्या वहीचा कागद पातळ, तो विरघळून गेला होता. पण तिकिटं जाड आणि रोगणाची. पाण्यानं खळ सुटली होती आणि ती नुसती मोकळी झाली होती. मिशीवाला साहेब वर आला. वाघाच्या तोंडाचा राजा आला. पहिलावहिला जळक्या कानाचा हत्ती आला. घोडा काही येईना. पार तळ खरवडला तरी येईना.

मग दोघींनी एकदमच उखळाकडं बघितलं. दगडाबाई धपकन खाली बसली आणि लगदा मुठीमुठीनं बाहेर काढून बोटांनी चाचपायला लागली, तांदळातले खडे बघावेत तशी. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक वाहतंय, पुसायला हात मोकळा नाही. मी केलं गं, मी केलं, एवढंच पुटपुटत होती. अर्धं उखळ रिकामं झालं तेव्हा तिच्या बोटाला काहीतरी चिवट लागलं. तिनं ते तळहातावर उलगडलं. घोडा होता. मुसळानं एक पाय तोडला होता, बाकी सगळा शाबूत.

खळीच्या ढेकळावरचा ठसा मात्र पाण्यात गेला होता. तो आता कशानंही परत येणार नव्हता. बायनाबाई तोंडात पदर कोंबून रडली, पोर गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. दगडाबाईनं तिला जवळ घेतलं. दोघींच्या अंगाला मेथ्यांचा लगदा लागला होता.

टोपली मग बायनाबाईनंच थापली. दगडाबाई लगदा देत गेली. सावलीत वाळून ती खणखणीत झाली तेव्हा बायनाबाईनं वर्षानंतर पहिल्यांदा चुलीवर खळ चढवली, आणि पीठ दगडाबाईनं स्वतः मोजून दिलं, चांगलं ओंजळभर. टोपलीवर हत्ती लागला, राजा लागला, साहेबही लागला. सगळ्यात शेवटी, ऐन दर्शनी बाजूला, बायनाबाईनं भरपूर खळ थापली आणि तीन पायांचा घोडा ठेवला.

"बायने," दगडाबाई हळूच म्हणाली, "घोडा उलटा लागतोय गं."

"लोळतंय ते, आक्का."

कडेनं खळ ओघळून काठाला ढेकूळ धरत होती. पुसायला दगडाबाईनं पदर पुढं केला, आणि न पुसताच मागं घेतला.