न मिळालेलं पत्र

इमारतीत सगळे त्याला दातवाला म्हणत. परक्या देशात येऊन त्याला नववं वर्ष लागलं होतं आणि इतकी वर्षं तो लोकांच्या कवळ्याच बनवत आला होता. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग घासून असे चकचकीत करायचे की घालणाऱ्याला ते जन्माचेच वाटावेत. माणूस कामाला वाघ, पण पक्का मुखदुर्बळ. "गावाला दात देतात आणि स्वतःचं तोंड उघडत नाहीत," असं त्याची बायको कौतुकानं म्हणायची. कौतुकानं, म्हणजे तोपर्यंत.

दोघांनी मिळून कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला होता. त्यावर कार्यालयाचं पत्र आलं की, तुमच्या इथल्या पहिल्या नोकरीचा दाखला अठ्ठावीस दिवसांत सादर करा. पत्र त्यानंच खालच्या पेटीतून काढलं, जिन्यातच वाचलं आणि घाईघाईनं खिशात कोंबलं. कारण ती पहिली नोकरी त्यानं सोडली नव्हती, त्याला काढलं होतं. दोन कवळ्यांची अदलाबदल झाली होती. एका आजीबाईंना एका आडदांड कंत्राटदाराचे दात गेले आणि बाईंचं तोंड तीन दिवस मिटेना. मालकानं त्याच दिवशी घरी पाठवलं. बायको तेव्हा अजून यायची होती. तिला त्यानं फोनवर सांगितलं, "तिथे मन रमेना, मीच सोडली." आता त्या मालकाला फोन कोण करणार, आणि दाखल्यावर 'काढून टाकले' असं लिहून आलं तर बायकोला काय सांगणार? उद्या करू, परवा करू, असं म्हणत ते पत्र लॅबच्या खणात मेणाच्या डब्यांखाली गेलं. अठ्ठावीस दिवस कसे सरले, कळलंही नाही.

मग नकार आला. तो मात्र बायकोनं फोडला.

"पत्र पाठवूनही कागद दिले नाहीत म्हणतात! कुठलं पत्र? अहो, आपल्याला पत्र आलं होतं का?"

खरं बोलायला तेवढा एकच क्षण होता. तो म्हणाला, "नाही बुवा."

त्या दोन शब्दांवर पुढचं सगळं उभं राहिलं. वकीलबाई म्हणाल्या, पत्र मिळालंच नाही, हाच आपला मुद्दा. दोघांनी शपथेवर तसं लिहून दिलं. तिनं खरं समजून, त्यानं मान खाली घालून. अपील दाखल झालं. निकाल लागेपर्यंत काम करायला मुभा होती, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की अपील बाद. बायकोच्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण अवघड गेलं, आणि हिला जाता आलं नाही. ती फोन कानाला लावून नुसती फेऱ्या मारत राहिली. तो शेजारी बसून होता.

पण खरा घोळ झाला तो काकांचा. हे काका म्हणजे इमारतीचे केअरटेकर. तळमजल्यावरच्या खोलीत एकटे राहायचे, जिने झाडायचे, दिवे बदलायचे आणि सकाळी आलेलं टपाल बत्तीस पेट्यांत टाकायचे. बायकोनं त्यांना जिन्यातच गाठलं.

"काका, आमचं पत्र दुसऱ्या कुणाच्या पेटीत तर नाही ना टाकलंत?"

काकांचा चेहरा उतरला. "असं कधी झालं नाही हो. पण बघतो."

ते खरंच बत्तीस दारं फिरले. पत्र कुठून मिळणार? त्या दिवसापासून बायको त्यांच्याशी बोलेनाशी झाली. काका मात्र रोज विचारायचे, "दातवाले, काही कळलं का?" आणि तो 'अजून नाही' म्हणून चोरासारखा वर पळायचा.

सुनावणी झाली. न्यायाधीशांनी निकाल राखून ठेवला. कुणाला काही लेखी द्यायचं असेल तर महिन्याभरात द्या, म्हणाले. पुढच्याच रविवारी काका इस्त्रीचा सदरा घालून वर आले. हातात एक कागद होता.

"मी लिहून आणलंय. वयामुळे मला विसर पडतो, तेव्हा तुमचं पत्र माझ्याच हातून गहाळ झालं असावं. खाली सही केलीय."

"काका, हे इमारतीच्या मालकांना कळलं तर तुम्हाला काढतील!" बायको म्हणाली.

"काढतील तर काढतील. माझ्यामुळे तुमचं बस्तान उठायला नको. मी डॉक्टरकडेही जाऊन आलो. आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं ओळखायला लावली. ते म्हणतात, डोकं ठणठणीत आहे. पण त्यांना काय कळतंय? पत्र तर हरवलंच ना?"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझंच चुकलं, काका. मी तुमच्याशी बोलणं टाकलं." दातवाला समोर बसला होता. त्याची दातखीळच बसली.

सोमवारी त्याच्या हातून दोन कवळ्या बिघडल्या. दुपारीच त्यानं खण उघडला, पत्र काढलं आणि घरी येऊन बायकोपुढे ठेवलं. मग सगळं सांगितलं, अगदी पहिल्या नोकरीपासून.

तिनं पत्रावरची तारीख वाचली. मग म्हणाली, "काकांना सांगितलंत?"

"आधी तुला..."

"माझं नंतर बघू. आधी हे पत्र आणि काकांचा कागद घेऊन खाली जा."

काकांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे मी टाकलं होतं," ते म्हणाले. "तुमच्याच पेटीत. बरोबर टाकलं होतं!" म्हाताऱ्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. मग हळूहळू त्यांना बाकीचं उमगत गेलं, आणि चेहरा बदलला. त्यांनी टेबलावरचा सहीचा कागद फाडला, चारदा. "दार ओढून घ्या जाताना," एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "शपथेवर खोटं? आता हरलात म्हणून समजा."

"हरू द्या," तो म्हणाला. "तिला काही माहीत नव्हतं, एवढं मात्र ठळक लिहा."

ज्या फोनची धास्ती घेतली होती, तोही त्याच आठवड्यात केला. जुना मालक खो खो हसला. "अरे, तू होय! त्या आजीबाईंचा किस्सा मी अजून सांगतो लोकांना!" दोन दिवसांत दाखला आला. त्यात नोकरीच्या तारखा होत्या आणि 'काम चांगले' असा शेरा होता. का सोडली, याचा उल्लेखही नव्हता.  एवढ्याशा कागदासाठी त्यानं दोन माणसांना पोळलं होतं.

अपील फेटाळलं गेलं. मात्र आपणहून खरं सांगितल्यामुळे पुढची कारवाई टळली, आणि बायकोचा अर्ज वेगळा काढून नव्यानं तपासा, असा आदेश झाला. आठ महिन्यांनी तिला परवाना मिळाला आणि ती लगोलग बहिणीकडे जाऊन आली. परतल्यावर त्याच्याशी पूर्वीसारखी बोलते. फक्त तो एखादी गोष्ट सांगू लागला की ऐकता ऐकता त्याच्या तोंडाकडे निरखून बघते. त्यानं पुन्हा अर्ज केला आहे. त्याचं अजून ठरायचं आहे.

काका आजही टपाल टाकतात. पण आता पेटीत टाकण्याआधी प्रत्येक पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचतात, एकदा पाकिटावरून आणि एकदा पेटीवरून. एकदा त्याच्यानं राहवलं नाही.

"काका, तुमचं चुकलंच नव्हतं हो."

"ते माहीत आहे मला," काका मागे न बघता म्हणाले. "पण आता धीर होत नाही."

आणि त्यांनी पुढचं पाकीट उचललं.