देवाकडं पाठ

पुनारामला बापानं चौथ्या वर्षी होडीतून आणून आमच्या मठात टाकला. माजुलीच्या बेटावर नदी दरसाल शेतं खाते, तोंडं मात्र तेवढीच राहतात. एक पोर देवाला दिलं की घर तेवढंच हलकं. मीही तसलाच आलेला. आम्ही दोघं एकाच म्हाताऱ्या भकताच्या, म्हणजे मठातल्या साधूच्या, खोलीत वाढलो. तो आम्हाला मोहरीचं तेल चोपडून जमिनीवर पालथं पाडायचा आणि कमरेवर पाय देऊन उभा राहायचा. पुनारामची कमर वेतासारखी लवली. माझी लवली नाही, म्हणून माझ्या हातात झांजा आल्या.

भकताला बायको नसते. त्याची खोली, मृदंग आणि नाच जातो तो पाळलेल्या पोराकडं. पुनारामनं बरीच पोरं पाळली. मिसरूड फुटलं की एकेक जण बोहल्याकडं पळालं, आणि लग्न केलं की मठ सुटला. शेवटी उरला माधव.

"हा राहणार बघ," पुनाराम म्हणायचा.

"राहतोय! त्याचे डोळे नदीपल्याड लागलेत."

"तुझ्या जिभेला हाड नाही, मेल्या."

आमच्या मठात एक नाच असा आहे, की तो राहणाऱ्यालाच शिकवायचा. गुरूंच्या पुण्यतिथीला दुपारी गाभाऱ्यासमोर नाचायचा, आणि शेवटी हात जोडून उलट्या पावलांनी दारापर्यंत मागं जायचं. देवाकडं पाठ करायची नाही. माधवला तो शिकवायचा राहिला होता, तेवढ्यात सरकारनं आमचा नाच शास्त्रीय ठरवला आणि शहरातली माणसं होड्या भरभरून यायला लागली. त्यांच्यातल्याच एका बाईनं माधवला गुवाहाटीला नेला. तिथं त्यानं क्लास काढला, शिष्यिणीशीच लग्न केलं.

पुढं काही वर्षांनी बायकोला घेऊन आला. पानसुपारी आणि गामोसा, आमच्याकडचं मानाचं उपरणं, पुढं ठेवून पाया पडला. मठात वडील भकताला आतै म्हणतात.

"आतै, तो एक नाच तेवढा राहिला."

"राहणाऱ्याचा आहे तो."

"तुमच्यामागं राहणार कोण आहे इथं? चितेवर नेणार का सोबत?"

पुनारामनं सुपारी या गालातून त्या गालात केली. "ये उद्या. बायकोला आण, उतरवून घ्यायला फोनही आण."

दुसऱ्या दिवशी नामघरात, गाभाऱ्यापुढच्या प्रार्थनेच्या दालनात, शिकवला. सगळा खरा शिकवला. शेवट आला तशी पुनारामनं एक गिरकी घेतली आणि गाभाऱ्याकडं पाठ करून दाराकडं चालत गेला. माझ्या हातातली झांज निसटली. मी त्याच्याकडं बघितलं, तर तो माधवकडं बघत होता. तेव्हा कळलं, हा वाट बघतोय. माधव लहानपणापासून दर पुण्यतिथीला तो नाच बघत आलेला. "आतै, पाठ कशी करू?" एवढं त्यानं म्हटलं असतं, तर पुनारामनं त्याला एक ठेवून दिली असती आणि मग खरा शेवट शिकवला असता.

माधवनं गिरकी घेऊन बघितली. परत घेतली. बायकोला म्हणाला, "स्टेजवर भारी दिसेल हे. उजेड बरोबर पाठीवर पडेल."

दोघं होडीकडं जायला निघाली, तसा मी पुनारामला म्हणालो, "हाक मार त्याला. अजून घाटावर पोचला नसेल."

"शिकायला आला होता का तो? न्यायला आला होता. नेऊ दे."

तो नाच गाजला. फोनवर कुणीही बघावा, खाली लिहिलेलं: पुनाराम आतैंकडून शिकलेला. यंदा पुण्यतिथीला मोठे पाहुणे येणार, म्हणून नव्या प्रभूंनी, म्हणजे आमच्या मठाच्या धन्यांनी, पोरांना फोनवर बघून तोच बसवायला सांगितला. पुनारामचं वय झाल्यापासून मठात तो नाच बंदच होता, या पोरांनी खरा कधी पाहिलाच नव्हता. नामघरात तालीम चाललेली. सगळी पोरं गरकन फिरली आणि गाभाऱ्याकडं पाठी करून चालायला लागली. पुनाराम ओरडला, "कुणी शिकवलं रे हे?"

"तुम्हीच, आतै," एक पोर घाबरत म्हणालं. "फोनवर तुमचंच नाव आहे."

आरडाओरडा ऐकून प्रभू आले. "आतै, माधवला तुम्ही असाच शिकवलात ना?"

पाया पडलेल्या शिष्याला मी खोटं शिकवलं, एवढं एक वाक्य त्याला बोलायचं होतं. मी तोंड उघडलं, तर पुनारामनं डोळ्यांनीच दटावलं.

"हो," तो म्हणाला. "असाच आहे."

पुण्यतिथीला मृदंग त्यानंच वाजवला. पोरं पाठी करून दाराकडं गेली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, नामघरात! त्याचा हात एकदाही चुकला नाही. चुकला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता तो खोलीतच पडून असतो. रांधतो मी. परवा म्हणालो, "एखाद्या पोराला बोलाव. खरा दाखव."

"आणि त्यानं विचारलं, मग ते खोटं कुणी शिकवलं? काय सांगू?"

मी ताट वाढून पुढं ठेवलं. भात कच्चा राहिला म्हणून त्यानं मला दोन शिव्या हासडल्या आणि ताट सरकवलं.