बधिर पायांचं अनिच्च

डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय हलला नाही. दुसऱ्याचंही तेच. ते म्हणाले, "गिलाँ-बारे सिंड्रोम वाटतोय." म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उठते, सुरुवात पायांपासून होते आणि अशक्तपणा वर चढत जातो. बहुतेक लोक बरे होतात, असंही ते म्हणाले. मला फक्त 'वर' ऐकू आलं. वर छाती होती.

त्याआधी हुडकेश्वरच्या घरी जिना उतरताना पायातली चप्पल निसटली आणि मला कळलंच नव्हतं. थकवा असेल म्हणून मी तशीच शाळेत शिकवायला गेले. तुम्ही असं करू नका. मुंग्या येऊन पाय लटपटायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नसांमधून करंट सोडून पाहणारी नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. मणक्यातून पाणी काढलं. आयव्हीआयजी, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज, सलाईनसारख्या चढवायला सुरुवात झाली. पण खरी धास्ती एका साध्याच तपासणीची होती: एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायचे. आकडा फार घसरला की व्हेंटिलेटर. तो रोज घसरत होता. तोंडी परीक्षेआधी पोरं करतात तशी मी डॉक्टर यायच्या आधी हळूच म्हणून बघायची.

मी विपश्यनेची शिबिरं केलेली. विहारात नव्या बायांना ऐटीत सांगायची: गुडघा दुखतो ना, दुखू द्या, त्याच्याकडे बघा आणि मनात म्हणा, अनिच्च. आलंय ते जातं. आता मन डोक्यापासून खाली नेलं की कमरेखाली काही लागतच नव्हतं. कळ नाही, खाज नाही. अनिच्च म्हणायचं तरी कशाला? तरीही पुटपुटत राहिले.

कामठीहून आलेली माझी माय ते ऐकून चिडली. तिने हा शब्द आयुष्यभर मयताला म्हणतात त्या पाली गाथेतच ऐकलेला, पांढऱ्या साड्यांच्या गर्दीत बसून.

"इथं काहून म्हणून राहिली वं ते? माणूस गेल्यावर म्हणतात ते."

मला तिचंच पटायला लागलं होतं. सगळंच जाणारं असेल, तर पाय गेले तसा श्वासही जाईल. मी फार घाबरले होते.

मग एका सकाळी आकडा आदल्या दिवसाइतकाच आला. डॉक्टर म्हणाले, "थांबलंय. आता फक्त वाट बघायची." ते वाट बघणं आजारापेक्षा लांबलं.

माय रोज खोबरेल लावून माझे तळवे चोळायची. ती चोळतेय हे मला नुसतं दिसायचं. एका दुपारी उजव्या अंगठ्यात सुई टोचल्यासारखं झालं आणि मी कळवळले. मायचे हात थांबले.

"दुखून राहिलं?"

"हो."

ती अंगठा धरूनच रडली. मग पदराने नाक पुसत म्हणाली, "मंग आता म्हण तुहं ते. म्हटलं का जाते ना दुखणं?"

शब्द ओठांवर आला होता. पण इतकी वर्षं मी बायांना जे जाऊ द्यायला शिकवलं, तेच मला जाऊ द्यायचं नव्हतं.

"राहू दे माय," मी म्हटलं. "अजून थोडं दुखू दे."