न कापलेली सुरमई

राग काढता आला की तो राग. गिळावा लागला की त्याची चरफड होते. रागावलेला माणूस भांडतो आणि मोकळा होतो. चरफडणारा मात्र नुसता बसून राहतो, नाहीतर निघून जातो. हा शब्द हरलेल्या माणसाचा आहे. मला तो नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत नीट कळला.

माझी आई गव्हाणची कोळीण. पनवेलच्या बाजारात मासे विकते. एकदा बाजार उरकून ती तशीच माझ्याकडे आली, पिशवीत माझ्यासाठी ताजे बोंबील घेऊन. मी तिला घ्यायला खाली गेले होते. लिफ्टच्या दारात आमच्या सेक्रेटरीनं तिला अडवलं. "मावशी, तुमच्या अंगाला वास येतो. जिन्यानं जा."

मी तोंडाला येईल ते बोलले. "लोकांच्या तक्रारी येतात हो," म्हणत तो हसून निघून गेला. आई गुडघे धरत चार मजले चढली. वर आल्यावर म्हणाली, "जाऊ दे गो बाय. आपल्याला काय फरक पडतो?"

मला पडला. पुढे कितीतरी दिवस मी भांडी आपटली, नवऱ्यावर खेकसले, भाजी निवडताना मनातल्या मनात त्या माणसाचा पाणउतारा केला. तो आपला रोज हसून गुड मॉर्निंग म्हणायचा.

मग एका रविवारी मी आईच्या मदतीला बाजारात बसले होते, तर हाच गृहस्थ समोर उभा. घरी जावई जेवायला येणार होते म्हणे. त्यानं कल्ले उघडून मासे निरखले. विकणारीकडे बघायची काही त्याला गरज वाटली नाही. मोठी सुरमई घेतली, पैसे दिले. "जरा तुकडे करून द्या."

बाजाराची रीत अशी, की जिच्याकडून मासा घेतला तीच तो कापून देते. दुसरी त्याला हात लावत नाही. आईनं अख्खी सुरमई तशीच पिशवीत कोंबली.

"मी नाय कापायची, शेठ. माझ्या हाताचा वास लागंल तुमच्या मच्छीला."

तेव्हा कुठे त्यानं वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे. "अहो मावशी, घरी कोणाला कापता येत नाही," तो एकदम मऊ आवाजात म्हणाला. आई माश्या हाकलत राहिली. तो ओळीनं बाकीच्या कोळणींकडे गेला. सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी पिशवी अंगापासून लांब धरून तो चालता झाला. मला त्याची जराही दया आली नाही. अजूनही येत नाही.

आई ते सगळं केव्हाच विसरली, असं मला वाटत होतं. वळून बघितलं तर तो गेला त्या वाटेकडे ती अजून टक लावून बघत होती.

"त्या दिसापासून वाट बघत व्हते मी त्याची," ती म्हणाली. मग कोयता पाण्यात बुडवून तिनं पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.