इचलकरंजीमार्गे घरी

मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात माझी सगळ्यात जास्त शोभा ह्याच गोष्टीमुळं झाली.

मुलगी दत्तक घ्यायची असं आम्ही नवराबायकोनं ठरवलं, नाव नोंदवलं आणि तीन वर्षं वाट पाहिली. मग एका दुपारी पोर्टलवर तिचा फोटो आला. सात महिन्यांची, टक्कल, आणि चेहऱ्यावर भाव असा की कुणीतरी तिची पावती हरवलीय. बायको बँकेत काउंटरवर होती. मी फोटो पाठवला, तर तिचा उलट निरोप आला : ‘गिऱ्हाईक समोर आहे, रडू येतंय, आता पाठवू नका.’

त्या दिवसापासून मी तयारीला लागलो. आमच्या नऊ वर्षं जुन्या गाडीत बाळाची कार सीट बसवली. सीटसोबत आलेलं माहितीपुस्तक आणि बालसंगोपनाचं एक जाडजूड पुस्तक दोनदा वाचलं, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या. बाळाचं वजन साडेसहा किलो, म्हणून साडेसहा किलो तांदळाची पिशवी सीटला बांधून मी मंगळवार पेठेतून रंकाळ्यापर्यंत रोज एक फेरी मारायचो. वळणावर तांदूळ हलत नाहीत ना, ते आरशात बघायचो. बायको एकदा गॅलरीतून म्हणाली, “अहो, तांदळाला ऊन लागतंय, काचेला पडदा लावा.” ती थट्टा करत होती. मी पडदा आणला.

काळजी होती ती आईची. माझी आई एकाहत्तर वर्षांची, माहेर खेड्यातलं, शाळा चौथीपर्यंत. दत्तकाचं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. “बरं,” म्हणाली आणि निवडत राहिली. झालं! हिच्या मनात नाही, असं मी ठरवून टाकलं आणि पुढची तीन वर्षं तिचं प्रबोधन केलं. वर्तमानपत्रातली कात्रणं वाचून दाखवली. रक्ताची नाती आणि मनाची नाती यावर जेवताना बोललो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “भाकरी गार हुईल.” गल्लीत मात्र मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. विचारतील, नाकं मुरडतील, सावकाश सांगू. हे मी पुरोगामी माणूस म्हणून ठरवलं होतं.

आणायला निघालो त्या पहाटे आई आमच्या आधी गाडीत जाऊन बसली होती. ठेवणीतलं इरकल नेसून.

संस्था सोलापूर जिल्ह्यात होती. तो दिवस कागदपत्रांत गेला, रात्री तिथंच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला सगळ्या सह्या संपल्या. तिला सांभाळणाऱ्या ताईंनी मुलीला बायकोच्या हातात दिलं, एक पिशवी माझ्या हातात दिली, आणि पदर डोळ्याला लावून आत गेल्या. पिशवीत दुधाच्या पावडरीचा डबा होता, मापाचा चमचा होता आणि कपडे होते. दुपटं तेवढं तिच्या अंगाभोवती गुंडाळलेलं होतं. माझ्या दुसऱ्या हातात फाईल. तीन रंगांचे कप्पे, प्रत्येक कागदाच्या दोन प्रती. ही फाईल मी अशी छातीशी धरली होती की बघणाऱ्याला वाटावं, मी फाईलच दत्तक घेतलीय.

मुलीला सीटमध्ये बसवलं. पट्टे लागले. टिक्क असा आवाज आला, पुस्तकात लिहिलं होतं तसाच. मला धन्य वाटलं.

तासाभरानं ती जागी झाली आणि भुकेनं रडायला लागली. मी गाडी बाजूला घेतली. गरम पाण्याचा थर्मास होता, बाटली होती. पिशवी नव्हती. डिकीत नाही, सीटखाली नाही. मी संस्थेत फोन लावला.

“दादा, पिशवी हितंच हाय की, पायरीवर,” ताई म्हणाल्या. मग थोडं थांबून, “बाळ हाय न्हवं गाडीत? बघा एकदा.”

त्यांनी पावडरीचं नाव सांगितलं. पुढच्या गावातल्या दुसऱ्या मेडिकलमध्ये ती मिळाली. मी पुस्तकाबरहुकूम माप घेतलं, बाटली जोरात हलवली, आणि टोपण नीट लागलं नव्हतं हे मला शर्टावर कळलं. शर्टावर आणि फाईलच्या हिरव्या कप्प्यावर. दुसरी बाटली बायकोनं केली आणि मुलीला सीटमध्येच पाजली. मला गाडीबाहेर उभं राहायला सांगण्यात आलं.

जयसिंगपूरच्या पुढं रस्त्याचं काम चाललं होतं. ट्रकांची रांग हलेना. त्यात ती पुन्हा रडायला लागली, आणि आता भुकेचं रडणं नव्हतं. नुसता निषेध होता.

“इचलकरंजीमार्गे जाऊ,” मी म्हणालो. “हुपरीवरून गडमुडशिंगी आणि थेट गावात. आतला रस्ता मोकळा असतो.”

“फोन सरळ जा म्हणतोय,” बायको म्हणाली.

“फोनला काय कळतंय? मी वीस वर्षं ह्या जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर काढतोय.”

फळ्यावर गल्ल्या काढत नाहीत. इचलकरंजीत दोन वळणं मी आत्मविश्वासानं घेतली, तिसरं अंदाजानं, आणि चौथ्यानंतर गाडी अशा बोळात शिरली जिथं दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने होते आणि समोर सुताच्या बाचक्यांनी भरलेला टेम्पो आडवा. मागं मुलगी लालबुंद झाली होती.

“काढ तिला त्या सापळ्यातनं!” आई ओरडली.

बायकोनं पट्ट्याचं लाल बटण दाबलं. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. बटण हलेना. दुपट्याचं टोक त्या खाचेत जाऊन घट्ट बसलं होतं. सकाळी जो टिक्क आवाज ऐकून मला धन्य वाटलं होतं, तो दुपटं गिळल्याचा आवाज होता. मी पुढून वाकून ओढलं, बायकोनं मागून ओढलं. मी पुस्तक उघडलं.

“आता वाचू नका!” बायको म्हणाली. तिचाही आवाज रडवेला झाला होता.

एवढ्यात मुलगी गप्प झाली. तिनं मान वळवली. खिडकीबाहेर माग चालू होते, खडखड, खडखड, एका लयीत, सगळा बोळ थरथरत होता. ती डोळे विस्फारून ऐकत राहिली. मग एकेक पापणी जड झाली आणि ती चक्क झोपली. आम्ही तिघंही श्वास रोखून बसलो. मी हळूच, भूगोलाच्या तासाला निरीक्षक आल्यावर बोलतो त्या आवाजात म्हणालो, “इथंच थांबू थोडा वेळ.”

दहा मिनिटं जगात सगळं ठीक होतं. मग वीज गेली.

सगळ्या बोळातले माग एकदम थांबले. ती शांतता मी कधी विसरणार नाही, कारण ती दोनच सेकंद टिकली. पुढच्या क्षणाला आमच्या मुलीनं जो टाहो फोडला तो अख्ख्या बोळानं ऐकला. आणि वीज गेल्यामुळं कामगार तसेही बाहेरच येत होते. बघता बघता गाडीभोवती पंधरा-वीस माणसं झाली. केसांत कापूस अडकलेली, गळ्यात टॉवेल घातलेली.

“काय झालं वो पावणं? लेकरू का रडतंय?” मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी एक बाई पुढं झाली. पन्नाशीची असावी. हाताला सूत चिकटलेलं.

“पट्टा अडकलाय,” मी म्हणालो.

“आवो, जॉबरला बोलवा की कुणीतरी!”

जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री. हा साठीचा, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस होता. तो शांतपणे आला, गाडीत वाकला, बटणाकडं बघितलं आणि खिशातून सूत कापायची एवढीशी कात्री काढली. तो काम करत होता तेवढ्यात ती बाई मुलीचं तोंड न्याहाळत होती.

“ग्वाड हाय की पोरगी. कुणावर गेलीया वो?”

साधा प्रश्न. ह्या प्रश्नाचं उत्तर मी तीन वर्षं आईला शिकवत होतो. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं? “आजोळावर. जरा आजोळावर गेलीय.”

बायकोनं माझ्याकडं बघितलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

बोलली ती आई. गाडीचा दरवाजा उघडून, इरकल सावरत ती खाली उतरली आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “कसलं आजोळ नि कसलं काय! दत्तक घेतलीया आमी. आज सकाळीच. कुणावर गेलीया ते अजून ठरायचं हाय, घरला तर जाऊ द्या तिला!”

मी खाली बघितलं. माझ्या शर्टावर दुधाचा डाग वाळून नकाशासारखा झाला होता. आता कुजबुज होईल, माणसं एकमेकांकडं बघतील, असं मला वाटत होतं.

“आज सकाळी?” ती बाई म्हणाली. “मग पेढं कुठायत?”

सगळा बोळ हसला. मागून कुणीतरी ओरडलं, “नाव काय ठेवलं?” दुसरा म्हणाला, “बारसं केल्याबिगर नाव कुठलं, येड्या!” ह्या गोंधळात जॉबरनं दुपट्याचं टोक कातरलं, चिमटीनं ओढून काढलं आणि बटण दाबलं. पट्टा सुटला. बायकोनं तिला उचललं आणि खांद्यावर घेतलं, आणि मग बायकोच हमसून रडायला लागली. मुलगी बिचारी आपलं रडणं थांबवून तिच्याकडं बघत राहिली.

त्या बाईनं बोट माझ्या डोळ्यांदेखत कारखान्याच्या दारातल्या वंगणाच्या डब्याला लावलं आणि मुलीच्या कानामागं काळा ठिपका टेकवला. “दिष्ट लागंल. लई लोकांनी बघितलं आज.” माझ्या संगोपनाच्या पुस्तकात बाळाच्या त्वचेवर एक अख्खं प्रकरण होतं. मी तोंड उघडलं, आईनं माझ्याकडं बघितलं, मी मिटलं.

“कुठं निघालाय?” जॉबरनं विचारलं.

“कोल्हापूर.”

तो चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिला. “मग कर्नाटकाकडं तोंड करून का उभा हाय?”

माणसांनी टेम्पो मागं घ्यायला लावला, आमची गाडी वळवून दिली. वीज आली, माग सुरू झाले. पट्टा आता नीट लागत होता. ती सीटमध्ये बसली आणि आईनं तिचा एक पाय मुठीत धरून ठेवला. हुपरी आली. उसाच्या ट्रॉल्यांमागून मी विसाच्या वेगानं चाललो होतो.

शेवटी मीच म्हणालो, “आई, तू एकदम सगळ्यांसमोर सांगितलंस.”

“मग? चोरून आणलीया व्हय?”

“तसं नाही. मला वाटलं, तुझ्या मनात नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस आणि गप्प बसलीस.”

आई खिडकीबाहेर बघत होती. “तीन वरसं लागत्यात म्हणालास न्हवं तू? तवर मी ऱ्हाते का जाते, त्येचा इचार करत हुते.” मग पोरीचा पाय मुठीत नीट धरत, “तुला सांगणार हुते. पर तू तर शिकवायच लागलास.”

बायको मागच्या सीटवर हसली. दिवसभरात पहिल्यांदा. मला आईला काहीतरी म्हणायचं होतं, पण समोर म्हैस आडवी आल्यामुळं मला ब्रेक दाबावा लागला आणि तो प्रसंग तिथंच संपला.

गडमुडशिंगी मागं पडली, उचगाव आलं, आणि दिवेलागणीला आम्ही पेठेत शिरलो. गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. कुणाचं लग्न आहे की काय, म्हणून मी बाजूनं गाडी काढायला लागलो, तर शेजारच्या काकू बॉनेटवर थाप मारून म्हणाल्या, “कुठं चाललास? आमी तुमच्यासाठीच उभं हाय!” त्यांच्या हातात ओवाळायचं ताट होतं. मागं रांगोळी होती.

“यांना कुणी सांगितलं?” मी आईला विचारलं.

“मी. फोटो आला त्या दिशीच,” आई म्हणाली आणि उतरली.

म्हणजे तीन आठवडे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी तांदूळ घेऊन फेऱ्या मारायचो, तेव्हाही.

भाकरतुकडा ओवाळला, मुलगी ह्या हातातून त्या हातात गेली, आणि तासाभरानं घर रिकामं झालं. बायको तिचे कपडे शोधत होती. दुकानातून आणलेले, कारण पिशवी अजून सोलापूर जिल्ह्यात होती. मी फाईलमधले ओले कागद दोरीवर वाळत घालत होतो.

“ते कागूद ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली. “घे की हिला आता. सकाळपासनं एकदा बी घेतलं न्हाईस.”

खरं होतं. सह्या केल्या, गाडी चालवली, बाटली सांडली, खोटं बोललो. पण तिला एकदाही हातात घेतलं नव्हतं. कारणं भरपूर होती आणि खरं कारण एकच होतं, मला भीती वाटत होती.

मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. आईनं तिला माझ्या मांडीवर ठेवलं. तांदळासारखी ती अजिबात नव्हती. गरम होती, आणि सारखी हलत होती. तिनं माझ्याकडं फार बारकाईनं बघितलं. आपण काहीतरी बोलायला हवं असं मला वाटलं. बाप म्हणून पहिलं वाक्य, तिच्याशी. मी तोंड उघडलं, आणि तिनं हात पुढं करून माझ्या तोंडात घातला. चारही बोटं. खालचा ओठ धरून खाली ओढला आणि एकेक दात तपासायला लागली, कपाळाला आठी घालून, अगदी मन लावून.

मला काही बोलता येईना. आई म्हणाली, “बरं झालं,” आणि भाकरी टाकायला आत गेली.